बॉबकटवाली आली का?

आमच्या सिस्टरना कुणी नमस्कार केला की त्या हात जोडायच्या नाहीत, समोरच्याचं मनगट धरायच्या. दोन बोटं नाडीवर, मान थोडी तिरकी, आणि तोंडानं, "हं, बोला." नवीन माणूस गोंधळून जायचं. एकदा मतं मागायला एक उमेदवार आला होता. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे पाच-सहा पोरं. त्यानं वाकून नमस्कार केला, सिस्टरनी मनगट धरलं ते सोडेचनात. पोरांना वाटलं आशीर्वाद चाललाय, त्यांनी मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. सिस्टर म्हणाल्या, "मत कुणाला द्यायचं ते मी बघीन. तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा, ठोका चुकतोय." तो गडी तीन मजले उतरून जो गेला, तो परत आमच्या बिल्डिंगकडे फिरकला नाही. निवडून मात्र आला.

नाव होतं त्यांना, दारावर लिहिलेलंही होतं. पण सगळी बिल्डिंग सिस्टरच म्हणायची, त्यामुळे मीही तेच म्हणते. माहेर नारायण पेठेतलं. लग्न केलं नाही. सगळं आयुष्य एका मोठ्या दवाखान्यात गेलं, शेवटी शेवटी तिथल्या नर्सांच्या मुख्य होत्या. निवृत्त झाल्यावर भावाभावांच्या वाटण्यांत न पडता त्या इकडे, मार्केट यार्डाच्या मागे, आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायला आल्या. पेठ सुटली पण जीभ पेठेतलीच राहिली. मी पहिल्यांदा डबा घेऊन वर गेले तेव्हा म्हणाल्या, "भाजी चांगली आहे. तेल परत नेणार का?"

मी आपली बाजारातली बाई. आमच्या ह्यांचा यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता. शाळा माझी चौथीत सुटली. वाचायला लागले ती लग्नानंतर, गाळ्यावर जुनी वर्तमानपत्रं यायची त्यांवर. मग लायब्ररी लावली, आणि तेव्हापासून जे हाताला लागेल ते वाचते. इंग्रजी मात्र येत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे.

सिस्टरच्या घरात सगळ्या खिडक्या सताड उघड्या. ऐन जानेवारीत सुद्धा. मी शाल गुंडाळून बसायची, डास पाय फोडून काढायचे, पण खिडकी लावू द्यायच्या नाहीत. "हवा आहे ती, फुकट आहे, घ्या की," असं म्हणायच्या. पलंगावरची चादर अशी ताणलेली की तिच्यावर बसायची भीती वाटावी. हात कोपरापर्यंत धुवायच्या, दिवसातनं कितीदा ते विचारू नका.

आणि एक वाईट सवय. म्हणजे सवय चांगली, पण लोकांना वाईट वाटायची. बिल्डिंगमध्ये कुणी जायच्या बेतात असलं की सिस्टरना आधी कळायचं. कुणी बोलवायच्या आत त्या येऊन उशाशी बसायच्या. त्यामुळे झालं काय, की साधा ताप आलेल्या घरीही सिस्टर जिना उतरताना दिसल्या की बायका देव पाण्यात ठेवायच्या. आमच्या ह्यांच्या वेळी सगळे म्हणत होते, उतार पडलाय. ह्यांनी त्या दिवशी पोहेही मागून खाल्ले होते. सिस्टर आल्या, मनगट धरून बसल्या, मग मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "वहिनी, मुलीला बोलावून घ्या. आजच." मला राग आला होता त्यांचा. मुलगी संध्याकाळी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. मुलगी भेटली, बोलली, ह्यांच्या हातात हात दिला तिनं. ते त्या एका वाक्यामुळे. तेव्हापासून मी सिस्टरची झाले. बाकी सगळे त्यांना घाबरून टाळायचे, मी रोज दुपारी वर जायची.

त्यांचे डोळे जायला लागले ते त्याच सुमाराला. पडद्याचा आजार. सगळा अंधार नाही होत त्यात, मधलं तेवढं जातं, कडेचं राहतं. त्या सांगायच्या, "तुमचे कान दिसतात वहिनी, चेहरा नाही." वाचणं गेलं. माणसं त्या श्वासावरून ओळखायच्या. मी जिना चढून दारात पोचले की आतून आवाज, "मधल्या मजल्यावर थांबत जा. छाती वाजतेय."

आता पुस्तकांचं सांगते.

एका दुपारी त्यांनी मला कपाटातनं चादरी काढायला सांगितल्या. चादरींच्या मागे पुस्तकांची चळत होती, सगळ्यांना खाकी कव्हरं, शाळेच्या पुस्तकांना घालतात तशी, चिकटपट्टीनं चिकटवलेली. मला वाटलं, नर्सिंगची असतील. एक उघडलं आणि पटकन मिटलं. पानभर काळंपांढरं चित्र, एका माणसाच्या गळ्यातनं काहीतरी आरपार गेलेलं, आणि बाजूला एक तरुण बाई, तिच्या अंगावर कपडा म्हणाल तर नावाला. मी म्हटलं, अहो हे काय ठेवलंय कपाटात. त्या म्हणाल्या, "जपानी आहे. चित्रांतली गोष्ट. कव्हर घातलीत ती ह्याचसाठी, मोलकरीण नोकरी सोडून जाईल."

गोष्ट त्यांनी मला तोंडी सांगितली. डोळ्यांना थोडंफार दिसत होतं तोवर इंग्रजीतनं भिंग लावून सगळे भाग वाचून काढले होते त्यांनी. पुढच्या कुठल्या तरी शतकातलं शहर. बाहेर हवा उरलेली नाही, म्हणून सगळं शहर काचेखाली. आतली हवा पुरेनाशी झाली की शहराचं यंत्र काही माणसांना घरून बोलावतं. कुणाला का, ते कुणी सांगत नाही. त्यांना एका गोल खोलीत आणतं, प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यावर बारीक दिवा. मग खेळ. खेळात जो हरेल तो मरतो, आणि त्याचा दिवा काळा होतो. शेवटी एक उरेल तो घरी. असे भागच्या भाग.

मी म्हटलं, हे असलं कशाला वाचायचं माणसानं? तर सिस्टर पाय वर घेऊन बसल्या आणि परीक्षेचे पेपर तपासावेत तशा सुरू झाल्या. रक्त चुकलंय, म्हणाल्या. बोट कापलं तरी कारंजं उडवतो हा चित्रकार. मरणारी माणसं भाषणं करतात हे तर साफ खोटं. "श्वास लागलेला माणूस पाणी सुद्धा मागत नाही वहिनी, नुसतं बघतो. आणि हा शहाणा छातीत भाला घेऊन दोन पानं बोलतोय." पुरुष मरतो तेव्हा त्याचा शर्ट जागेवर आणि बाई मरताना तिचेच कपडे बरे फाटतात, ह्यावर त्यांचा फार राग. पण सगळ्यात मोठा राग वेगळाच होता. इतकी माणसं मरतात, पण त्यांना उचलतं कोण? कुठं नेतात? अंग कोण पुसतं? घरी निरोप कोण देतं? पुढच्या पानावर जमीन स्वच्छ. "ह्यानं कधी मेलेलं माणूस उचललेलं नाही," असा त्यांनी निकाल दिला.

मग मी म्हटलं, इतकं वाईट आहे तर ठेवलंय कशाला? त्यांनी पाय खाली सोडले. मग म्हणाल्या, वाईट आहे पण खोटारडं नाही सगळंच. हात फार चांगले काढतो. घाबरलेल्या माणसाची बोटं त्याला येतात, ते सगळ्यांना येत नाही. एका पानावर नुसती चप्पल काढलीय, दुसरं काही नाही, त्या पानाला मार्क. भित्रा माणूस शेवटपर्यंत राहतो आणि चांगला आधी जातो, तेही खरं आहे. आणि यंत्र. यंत्र कधी ओरडत नाही. "कृपया पुढे या," म्हणतं. "सहकार्याबद्दल आभारी आहोत," म्हणतं. तेवढं त्या माणसाला बरोबर कळलंय, असं म्हणून त्या हात धुवायला उठल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, ती पुस्तकं वाचून दाखवाल का? मी म्हटलं, इंग्रजी कुठं येतंय मला. त्या म्हणाल्या, अक्षरं नकोतच, अक्षरं पाठ आहेत. चित्रात काय दिसतं तेवढं सांगा.

तर मी चळतीतलं वरचं पुस्तक घेतलं, उघडलं आणि सुरू केलं. चष्मा पुसून, पहिल्या पानापासून. एक माणूस एकटाच बसलाय गोल खोलीत, म्हटलं. सिस्टर एकदम ताठ बसल्या. "एकटाच?" हो, म्हटलं, एकटाच, गळ्यात दिवा लागलाय. पान उलटलं. आता शेजारी एक जण पडलाय, म्हटलं, बहुतेक मेलाय. पुढचं पान. अहो, हा तर उठला की. सिस्टर बराच वेळ खिडकीकडे कान करून बसून राहिल्या. मी विचारलं, थांबू का? तर म्हणाल्या, "नाही. असंच चालू द्या."

मग आमचं तेच चालू झालं. दुपारी भांडी आवरून मी वर जायची, त्या चळतीतलं वरून पुढचं पुस्तक चाचपून हातात द्यायच्या, आणि मी चित्रं सांगायची. मला त्यांचं म्हणणं आणि माझी चित्रं काही जुळेनात. त्या सांगत होत्या माणसं मरतात, आणि मला तर दिसायचं की उठतात. मधे एखादा, मी पान वरून खाली सांगत येईतो, पडायचा, नाही असं नाही, पण पान उलटलं की पुन्हा उभा. भाला छातीतनं निघून जायचा. तुटलेला हात जागेवर यायचा. काळे दिवे एकेक करून लागत जायचे आणि खोली भरत जायची. मला वाटलं, सायन्सची गोष्ट आहे, यंत्र मेलेल्यांना जिवंत करत असेल. सुरुवातीच्या भागांत मारलं, आता पश्चात्ताप झाला असेल. मी तसं बोललेसुद्धा, की सिस्टर, तुमचं यंत्र काही इतकं वाईट नाही हो. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पुढं सांगा."

आणि रोज बसल्या बसल्या पहिला प्रश्न एकच असायचा. "बॉबकटवाली आली का?"

कोण बॉबकटवाली, ते मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. आखूड केसांची मुलगी आहे, पाठीला दप्तर, कपाळावर तीळ, असं त्यांनी सांगितलं. फार पुढं आहे, येईल. मी प्रत्येक नव्या माणसाचं कपाळ बघायला लागले. टकला आला, जुळे भाऊ आले, पोटुशी बाई आली, तिच्या वेळी तर मी रडले. बॉबकटवाली काही येईना. तोवर सिस्टरची तब्येत उतरत चालली होती. पायांना सूज, दोन वाक्यांत दम. स्वतःची नाडी त्या स्वतःच बघायच्या आणि डॉक्टरला फोन करू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, मला समजतंय, त्याला नव्यानं कशाला समजवायचं. पण पुस्तकाची घाई करायला लागल्या. आधी एका दुपारी जेवढं व्हायचं त्याच्या दुप्पट. मलाही मग ओढ लागली, की बाई, ही मुलगी वेळेत येते की नाही.

मधेच अंजिरांचं झालं. दरवर्षी थंडी संपता संपता सिस्टरकडे सासवडकडून अंजिरांची पेटी यायची. ताजी, पानं अंथरून लावलेली. सिस्टर त्यातलं एकही तोंडात घालायच्या नाहीत. मला चालत नाहीत म्हणायच्या आणि पेटी माझ्या हवाली करायच्या. मी घरोघर वाटायची, खायची. त्या वर्षी पेटी घेऊन तो माणूस स्वतः आला. मी वरच होते. बेल वाजली, मी उठले तर सिस्टरनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. पुन्हा बेल. बाहेरून आवाज आला, "सिस्टर हायत का घरी? म्या सासवडवरनं आलोय." सिस्टर उठून दारापाशी गेल्या आणि दाराला कान लावून उभ्या राहिल्या. दार उघडलं नाही. तो बिचारा थोडा वेळ थांबला, पेटी दाराशी ठेवून गेला. त्याच्या पायांचा आवाज पार खालपर्यंत ऐकला त्यांनी. मग वळून म्हणाल्या, "पेटी घेऊन तीन मजले चढला. धाप लागली नव्हती." चेहरा असा, की आनंद झालाय की काय झालंय, मला सांगता येणार नाही.

त्या दुपारी पुस्तक उघडलं नाही. त्या दिवशी त्यांनी सांगितलं.

तो आजार जोरात होता तेव्हाची गोष्ट, दुसऱ्या लाटेतली. निवृत्त नर्सांना परत बोलावलं होतं, तशा ह्याही गेल्या. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी होती. लातूरकडची, इकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. घरच्यांना येता येत नव्हतं. कपड्यांच्या पिशवीत ही पुस्तकं घेऊन आली होती. नाकावर मास्क, हातात सुई, आणि ही पोरगी बसून माणसं मारायची चित्रं बघतेय. सिस्टरनी दटावलं, तर तिनं एक पुस्तक त्यांनाच दिलं, वाचून तर बघा म्हणाली. सिस्टरनी पाळी संपल्यावर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी चुका सांगितल्या. तिथून दोघींचं भांडण सुरू झालं. रोजचं. रक्ताचं सिस्टर सांगायच्या, मुलगी म्हणायची तुम्ही नर्स आहात म्हणून तुम्हाला खुपतं. मास्क वर करून बोलायची, सिस्टर तो पुन्हा नाकावर बसवायच्या. एकदा म्हणाली, सिस्टर, आपला वॉर्डच आहे की हा, आपल्यालाही यंत्र बोलावणार. आणि हसली. तिची स्वतःची तक्रार एकच होती. बॉबकटवालीला पहिल्याच फेरीत मारायला नको होतं. सगळ्यांत चांगली तीच होती, तिला काहीच करायला मिळालं नाही, असं ती पुन्हापुन्हा म्हणायची.

एके दिवशी दुपारची पाळी सुरू होताना श्वासाचं एक मशीन मोकळं झालं. लागणारे दोघं होते. ही मुलगी आणि पलीकडच्या खाटेवरचा सासवडचा माणूस. डॉक्टर तरुण होता, उभ्या उभ्या डुलत होता. दिवसच्या दिवस झोपला नसेल. त्यानं विचारलं, सिस्टर, तुम्ही सकाळपासून बघताय, दोघांतलं कुणाला?

"ती माझ्याशी बोलत होती वहिनी," सिस्टर म्हणाल्या. "त्या वेळीसुद्धा. बॉबकटवालीचंच चाललं होतं. तो माणूस नुसता बघत होता. त्या आजारात बोलणारी माणसंही बोलता बोलता जात होती, हे मला माहीत होतं. रोज बघत होते. तरी मला वाटलं, ही बोलतेय, ही थांबेल."

मी त्यांच्या पायांशी सरकून बसले.

"मी हनुवटीनं दाखवलं. त्याच्याकडे. तोंडानं बोललेसुद्धा नाही. ते यंत्र निदान कृपया तरी म्हणतं."

दुसरं मशीन मोकळं व्हायच्या आत मुलगी गेली. तिचे वडील सामान न्यायला आले. मोबाइल घेतला, कपडे घेतले. पुस्तक उघडून बघितलं आणि म्हणाले, हे माझ्या मुलीचं नाही, ती असलं वाचत नव्हती. टेबलावर ठेवून गेले. ती ही पुस्तकं. शेवटचा भाग तिच्याकडे नव्हता, तो सिस्टरनी नंतर दुकानात सांगून मागवून घेतला. काय होतं शेवटी, ते तिच्यासाठी म्हणून वाचलं. शेवटी एक माणूस एकटाच खोलीत बसतो आणि यंत्र त्याचं अभिनंदन करतं. बस, तेवढंच.

हे ऐकताना माझ्या डोक्यात काहीतरी खुट्ट झालं होतं. एकटा माणूस तर मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. पण इतकं सगळं ऐकल्यावर बाईमाणसाचं डोकं कुठं हिशोब करत बसतंय. मी त्यांच्या पायांना तेल लावलं आणि खाली आले.

उलगडा केला तो माझ्या नातीनं. ती सुट्टीला आली होती, मी सांगून झालेलं एक पुस्तक पुन्हा बघावं म्हणून घरी आणलेलं. मी बघतेय तर ही माझ्या खांद्यावरून वाकून म्हणते, आजी, तू हे उलटं वाचतेयस. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं, आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. कव्हर घातल्यामुळे तुला कळलं नाही. मग तिनं मला सरळ बाजूनं दोन पानं दाखवली. उभी माणसं पडत होती. मी चष्मा काढून ठेवला.

वर गेले ते तशीच. मधल्या मजल्यावर थांबलेही नाही. सिस्टरना म्हटलं, अहो, इतके दिवस मी उलटं सांगत होते आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. मी आपली वेड्यासारखी, हा उठला, ती उठली.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी."

"मग?"

"सरळ मी वाचलंय. सरळ मी केलंयसुद्धा." दम लागला, थांबल्या. मग हात उशीखाली घालून चळतीतलं तळाचं खाकी पुस्तक काढलं. "एवढं एकच राहिलंय. उद्या या. तुमच्या बाजूनंच सुरू करा."

रात्रभर मला वाटत राहिलं की ही मुलगी यायच्या आधी सिस्टरचंच काही व्हायचं. सकाळी वरून भांड्याचा आवाज आला तेव्हा हायसं वाटलं. दुपारपर्यंत न थांबता दहालाच वर गेले. त्यांना तक्क्याला टेकवून बसवलं. खिडक्या उघड्याच होत्या, खाली यार्डाच्या वाटेवर टेम्पो अडकून हॉर्न चालला होता. मी पुस्तक उघडलं, आपल्या बाजूनं. त्यांनी विचारायच्या आत म्हटलं, अजून नाही आली.

पानं संपत आली तरी येईना. खोली तर भरली होती, जवळजवळ सगळ्यांचे दिवे लागले होते. मग एका पानावर जमिनीवर पडलेलं कुणी दिसलं, पाठमोरं. दप्तर होतं. मी पान उलटायला घाबरले. उलटलं. ती उठून बसली होती, कपाळावर तीळ. "आली," म्हटलं.

सिस्टर म्हणाल्या, "पुढं."

पुढं पानं फार नव्हती. सगळी माणसं खोलीतनं उलटी दारात गेली, गळ्यांतले पट्टे निघाले, आणि मग शेवटच्या काही पानांवर प्रत्येक जण आपापल्या घरी. टकला दात घासतोय. पोटुशी बाई कपडे वाळत घालतेय. जुळे भाऊ जेवायला बसलेत. मी एकेक सांगत गेले. अगदी शेवटच्या पानावर ती होती.

"कुठे आहे?"

"घरी. खिडकीत बसलीय."

"तोंड उघडं आहे का मिटलेलं?"

मी चष्मा वर करून पान डोळ्यांशी नेलं. "मिटलेलं."

"नाकपुड्या फुगल्यात?"

"नाही."

"खांदे वर ओढलेत का? मान ताणलीय?"

"नाही हो सिस्टर. खांदे खाली आहेत. निवांत बसलीय."

त्यांनी तक्क्याला मान टेकवली. मग म्हणाल्या, "कुणी बोलवायला आलेलं नाही ना?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "दार बंद आहे तिचं."

मी पुस्तक मिटायला लागले तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मी ते तसंच, उघडं, त्यांच्या ताणलेल्या चादरीवर ठेवलं. त्यांनी हात पुढं केला. मी सवयीनं माझं मनगट दिलं. मोजत असतील म्हणून मीही गप्प बसले, नाडी बघताना बोललेलं त्यांना चालत नसे. खालचा टेम्पो सुटला, हॉर्न थांबले, तरी त्या सोडेनात. मग मी खाली बघितलं. त्यांची बोटं नाडीवर नव्हतीच. नुसता हात धरला होता.